घ च्या खणातलं घड्याळ

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खणांची पेटी आहे. मला झाकण नाही. पसरट अंग आणि त्यात बावन्न खण, एवढाच माझा देह. आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. जो कोणी माझ्यात हात घालतो, त्याच्या हाताकडे मी नीट पाहते. काय उचललं? काय ठेवलं? जिथलं तिथे ठेवलं का?

ही खोड मला छापखान्यात लागली. उरणच्या एका सुताराने मला सागवानातून घडवलं आणि मी पनवेलच्या एका छापखान्यात आले. माझ्या खणाखणात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे असत. अक्षरं जुळवणारा गणू जुळारी न पाहता खणात बोट घाली आणि नेमकं अक्षर उचली. एखादा खिळा चुकीच्या खणात पडला, की लग्नपत्रिकेत नवऱ्यामुलाचं नाव बिघडे आणि बोलणी गणूला बसत. तेव्हापासून सगळ्या हातांवर माझी नजर असते.

पुढे संगणक आले. खिळे वितळवायला गेले आणि मी दाराआड उभी राहिले. किती वर्षं, ते मोजायला तिथे दिवस-रात्रही नीट कळत नव्हती. झुरळांनी संसार थाटले.

एक दिवस आशालताबाई आल्या. रोडपालीत एका इमारतीच्या तळमजल्यावर त्यांची बालवाडी होती. त्यांनी मला उकळत्या पाण्याने आणि सोड्याने घासलं, नवं पॉलिश दिलं. मला वाटलं, ही बाई आता माझ्यात मसाले भरणार. पण त्यांनी माझ्या प्रत्येक खणात एक वस्तू ठेवली. म च्या खणात मणी, श च्या खणात शिंपला, च च्या खणात चमचा. मूल डोळे मिटून वस्तू चाचपे, तिचं नाव घेई, आणि नावाच्या तोंडाशी कोणता आवाज आहे तो शोधे. मग खणाच्या बुडाशी चिकटवलेल्या खरखरीत अक्षरावरून बोट फिरवी. आवाज आधी कानात, मग बोटात, अशी बाईंची पद्धत.

आणि एक नियम होता. ज्याला आवाज सापडला, त्याने ती वस्तू घरी न्यायची. कायमची. बदल्यात त्याच आवाजाची दुसरी वस्तू घरून आणून खणात ठेवायची.

माझा जीव खालीवर होई. छापखान्यातून एक खिळा बाहेर गेला तर मालक घर डोक्यावर घेत, आणि इथे पोरं राजरोस वस्तू घेऊन चालली होती! मला वाटे, एक दिवस मी रिकामी होणार. तसं कधी झालं नाही. मणी गेला, मका आला. मका गेला, मोजा आला.

आता ती गोष्ट सांगते, जिच्यासाठी मी बोलायला बसले.

घ च्या खणात मातीचा घोडा होता. तो एका सकाळी फुटला. बाईंनी क्षणभर विचार केला, हातातलं घड्याळ काढलं आणि त्या खणात ठेवलं. मोबाइलवर फोटो काढून आपल्या मुलीला पाठवला. त्या दुपारी आयत नावाच्या चार वर्षांच्या मुलीला घ सापडला. दोन महिने तो तिला चकवत होता. ती आनंदाने ओरडली. बाईंनी घड्याळ रुमालात गुंडाळून तिच्या दप्तरात घातलं. नियम तो नियम.

दुसऱ्या दिवशी आयतने घेवड्याची शेंग आणली. पण बाई आल्या नाहीत. त्यांना रात्रीच दवाखान्यात नेलं होतं. आयतने शेंग स्वतःच खणात ठेवली. बाई परत आल्याच नाहीत.

महिन्याभराने बाईंची मुलगी, अरुंधती, आली. बालवाडी तेव्हा मदतनीस गोदूताई एकटीच रेटत होती. माझ्याच भरवशावर, असं मी म्हटलं तर ते बढाई समजू नका. अरुंधतीने मला टेपने मोजलं आणि नवऱ्याला फोन लावला.

"शैलेश, हॉलच्या भिंतीवर बरोबर बसेल. वरून काच लावून घेऊ. आईच्या वस्तू आहेत तशाच राहतील."

काच! माझा संशय खरा ठरला. ही मला भिंतीला टांगायला आली होती.

मग तिचं लक्ष घ च्या खणाकडे गेलं. लहानपणी तिला ताप आला, की आई आपल्या घड्याळाचा सेकंदाचा काटा पाहून तिची नाडी मोजत असे. तिने मोबाइलमधला आईने पाठवलेला फोटो उघडला. फोटोत घड्याळ. खणात वाळकी शेंग.

"गोदूताई, हे काय आहे?"

"शेंग हाय. घेवड्याची."

"आईचं घड्याळ कुठे गेलं?"

"माईत नाय. बाईंचा नियम हाय, पोरं नेतात, पोरं आनतात."

"चार वर्षांची मुलं घड्याळ नेतात?"

गोदूताईने फडका खाली ठेवला. "मंग मी नेलं असं सरळ म्हना ना! मना घड्याळ कशाला? कोनाला कवा शू लागते, त्यावर माझा टाइम चालतो."

अरुंधती हसली नाही. खोलीची किल्ली तिने त्या दिवशी गोदूताईकडून मागून घेतली. गोदूताईने ती तिच्या हातात दिली नाही; टेबलावर ठेवली. सात वर्षांत बाईंनी तिच्याकडे कधी किल्ली मागितली नव्हती.

शनिवारी अरुंधती दोरी आणि वर्तमानपत्रं घेऊन आली. मुलं गोल बसली होती. ती मला गुंडाळणार, तेवढ्यात आयत धावली आणि तिने घ च्या खणात हात घातला. अरुंधतीने तिचं मनगट धरलं.

"काय घेतेस?"

"घेत नाही. माझी शेंग बघते. किती वाळली!"

"तुझी शेंग?"

"मी ठेवली ना. बाईंनी मला घड्याळ दिलं, मग मी शेंग दिली. पण अब्बूंनी घड्याळ कपाटात ठेवलं. मला म्हणाले, चोरी केलीस."

अरुंधतीने मनगट सोडलं.

सुटायच्या वेळी आयतचे वडील, ताहेर, तिला न्यायला आले. अरुंधतीने विचारलं तेव्हा ते खाली मान घालून घरी गेले आणि रुमालात गुंडाळलेलं घड्याळ घेऊन आले. "ताई, माफ करा. पोरीने उचललं असंच वाटलं मला. शरमेने यायची हिंमत झाली नाही. ती कसम खाऊन सांगत होती, बाईंनी दिलं, बाईंनी दिलं."

आयत गोदूताईच्या पदरामागे उभी राहून बापाकडे पाहत होती.

अरुंधतीने रुमाल ओळखला. कोपऱ्यात आईने घातलेला टाका होता. तिने घड्याळ बराच वेळ मुठीत धरलं. मी म्हटलं, आता हे हिच्या पर्समध्ये जाणार.

ती आयतसमोर गुडघ्यावर बसली आणि घड्याळ तिच्या हातात बांधलं. ते सरकत कोपरापर्यंत गेलं.

"अब्बूंना सांग, हे तुझं आहे."

मग उठून म्हणाली, "गोदूताई, माझं चुकलं." आणि किल्ली तिच्या हातात दिली.

"बाईंनी कवा किल्ली मागितली नसती," गोदूताई म्हणाली. मग किल्ली कमरेला खोचून म्हणाली, "चाय ठेवू?"

वर्तमानपत्रांच्या त्या दुपारी टोप्या झाल्या. मी आहे तिथेच आहे. अरुंधती आता दर शनिवारी येते. परवा डोळे मिटून तिने एक वस्तू बराच वेळ चाचपली आणि चुकीचं नाव घेतलं, तेव्हा सगळा वर्ग खदखदून हसला, आणि पहिल्यांदाच तीही हसली.

म्हणून मित्रांनो, मला जपा. वाळवी लागू देऊ नका, ओल्यात ठेवू नका. पण काचेमागे ठेवू नका. हात लागून माझे खण झिजले तर झिजू देत. आणि एखादी वस्तू जागेवर दिसली नाही, तर चोर शोधायला निघण्याआधी एवढंच विचारा, की आज कोणाला कोणता आवाज सापडला?