कात्रीचा अंगठा

नवऱ्याचा हट्टी स्वभाव लग्नाआधीच कळायला हवा होता, असं ती शेजारणींना सांगायची. पण सांगताना चेहऱ्यावरचं कौतुक काही लपायचं नाही.

त्याच्या किडन्या निम्म्याहून जास्त कामातून गेल्या होत्या. रक्तातून जे बाहेर पडायला हवं ते सांध्यांत साचायचं. गुडघे सुजायचे, आणि कात्रीत घालायचा अंगठा तर लालबुंद व्हायचा. दुसऱ्या कुणी सलूनला टाळं लावलं असतं. या पठ्ठ्यानं बसायला उंच स्टूल आणलं आणि गिऱ्हाइकाभोवती फिरायचं सोडून खुर्चीसकट गिऱ्हाइकालाच फिरवायला लागला.

"दादा, केस कापताय की पाळण्यात बसवलंय?" लोक विचारायचे.

"उतरताना तोल सांभाळा म्हणजे झालं," तो म्हणायचा. दुखण्याबद्दल मात्र चकार शब्द नाही.

तिला ते बघवेना. दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या घेतल्या तर उरलीसुरली किडनीही जाईल, असं डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून बजावलं होतं. तिला सगळं पाठ होतं. तरीही त्या सकाळी त्याला सलूनची साधी कडी निघेना, तेव्हा तिचा धीर सुटला. माझीच कंबर धरलीय, असं औषधवाल्याला बेधडक सांगून तिनं गोळी आणली.

दुपारी सलून रिकामं होतं. तिनं गोळी त्याच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

"एकच घ्या. एकीनं काय होतंय?"

तो गोळीकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत त्याला कशाचाही असा मोह झालेला तिनं पाहिला नव्हता. याला किती दुखतंय ते तिला तेव्हा कळलं, आणि आपण काय करून बसलो तेही.

"अहो, नको. द्या ती इकडे."

"लवकर घे," तो हात पुढे करून म्हणाला. "आज माझा मलाच भरवसा नाही."

तिनं गोळी बेसिनमध्ये टाकून वर नळ सोडला. मग फडक्यात बर्फ गुंडाळून त्याचा अंगठा दोन्ही हातांत घेतला.

"संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊ. तुम्हाला चालेल असं काहीतरी असेलच की."

"फार दुखतंय गं," तो म्हणाला.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक दारात आलं. तो सवयीनं उठायला गेला. तिनं अंगठा सोडला नाही.

"बसा जरा," ती गिऱ्हाइकाला म्हणाली. "यांचा हात दुखतोय."

नेहमीसारखं 'काही नाही हो' म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि मग मुकाट्यानं स्टुलावर बसून राहिला.