दोणीतला पाइप

पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत नळाला पाणी सकाळी सातला येई आणि पाऊण तासात जाई. निशिगंधा ओमचं पाणी दोनदा गाळायची, वीस मिनिटं उकळायची. तरी आठ महिन्यांच्या ओमला महिन्यात दुसऱ्यांदा जुलाब लागले. अंगातलं पाणी किती कमी झालंय ते बघायला महाडच्या डॉक्टरांनी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली. म्हणाले, "पुन्हा झालं तर दाखल करावं लागेल. पाण्याचं बघा."

पाण्याचं तर ती बघतच होती. काय बघायचं राहिलं, ते तिसऱ्या दिवशी कळलं. पाणी जाऊन दहा मिनिटं झाली होती. ओमची वाटी आणि चमचा विसळायला तिनं स्वयंपाकघरातला नळ सोडला, तर धार अजून येत होती. चमच्याला कोंड्याचं एक साल चिकटलं.

ती मागच्या दारानं वर गेली. गोठा घरामागे, चार पायऱ्या उंचावर. सासूबाईंनी, जानकीबाईंनी, नेहमीप्रमाणे गोठ्यातल्या नळाचा पाइप म्हशीच्या सिमेंटच्या दोणीत तळापर्यंत बुडवला होता. नळ उघडाच. दोणीत कोंडा तरंगत होता, म्हशीची लाळही.

"आई, हा पाइप पाण्याबाहेर ठेवायला हवा. वरून पाणी बंद झालं की तो दोणीतलंच ओढतो आणि खाली आपल्या नळाला देतो."

"नळ पाणी देतो गो, पितो कवा?" जानकीबाई शेण भरता भरता म्हणाल्या. "धार वाजली की ही बुजते. नुकती व्यालेली हाय. पान्हा चोरला तर डेअरीत काय तुझं कॉलेजचं सर्टिफिकेट घालू?"

निशिगंधानं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पाणी गेल्यावर तिनं मूठभर हळद दोणीत ढवळली, सासूबाईंना स्वयंपाकघरात बोलावलं आणि नळ सोडला. आधी स्वच्छ पाणी आलं. जानकीबाई जायला वळल्या, तोवर धार पिवळी झाली.

त्यांनी परत वळून धारेखाली बोट धरलं. मग ओमची वाटी उचलून तिचा वास घेतला.

"मी पण ही वाटी ह्याच पाण्यात विसळत होते गो," एवढंच म्हणाल्या आणि कोयती घेऊन वर गेल्या. पाइप कापून त्यांनी दोणीच्या काठापासून वीतभर वर, दोणीला लागूनच्या भिंतीतल्या खुंटीला बांधला. तोंड भिंतीकडे वळवलं, पाणी न वाजता भिंतीवरून ओघळत दोणीत उतरावं म्हणून.

सकाळी पाणी आलं. म्हशीनं कान हलवले, मान फिरवली, मग दोणीत तोंड घातलं.

"चाललं तिला," जानकीबाई म्हणाल्या.

"आणि दूध?"

"ते संध्याकाळी कळंल. तू तुझा नळ बघ."

पाणी गेल्यावर निशिगंधानं नळ सोडला. तो दोनदा गुरगुरला, थोडी हवा टाकली आणि कोरडा पडला. ती आणखी थोडा वेळ कान देऊन उभी राहिली. मग ओमची वाटी तिनं उकळत्या पाण्यात टाकली. पाइपात आधीची घाण उरली असेल, म्हणून तेवढं ती काही दिवस करणार होती.