न कुजणारी जाळी

वहिनीचा धाकटा दीर म्हणजे अकलेचा कांदा, आणि वर कंत्राटदार! काही सांगायला गेलं की 'मला शिकवू नका' हे ठरलेलं.

वहिनीच्या आईचं घर मातीच्या उंच उताराच्या पायथ्याशी होतं. दर पावसात माती सुटायची. उतार पक्का झाला तर म्हातारी तिथेच राहणार, नाहीतर तिला घर सोडावं लागणार. वहिनी काथ्याच्या जाळ्या विणणाऱ्या कारखान्यात देखरेखीला होती. तिने स्वतः जाळी निवडली, गवताचं बी आणलं आणि माती धरून ठेवायला उतारावर जाळी अंथरून बी पेरायचं काम नाइलाजाने या घरच्या शहाण्याला दिलं. नसतं दिलं तर सासूबाईंनी तोंड फुगवलं असतं.

बी रुजायच्या सुमारास ती बघायला गेली. गवताचं नाव नाही! जाळी काळीकुट्ट, तेलकट, आणि वास तर थेट गॅरेजचा.

"हे काय केलंत, भावजी?"

"जळकं ऑइल मारलंय, चांगले दोन हात!" दीर छाती फुगवून म्हणाला. "तुमचा काथ्या दोन-तीन वर्षांत कुजतो म्हणे. आता नातवंडं म्हातारी होतील, पण जाळी हलायची नाही."

"अहो, कुजायलाच लावलाय तो! तोवर गवताची मुळं माती धरतात, मग जाळीचं कामच उरत नाही. तुम्ही तर बीच मारून टाकलंत!"

"गवत काय, कुठेही उगवतं. टिकाऊपणा बघा की!"

वहिनीने कपाळावर हात मारला. सांगून सांगून तिचा घसा बसला, पण गडी ढिम्म. शेवटी तिनेच कारखान्यातून दुसरी जाळी मागवली. ती यायच्या आत पाऊस कोसळला. जाळीखालून सगळी माती वाहून आली आणि आईच्या स्वयंपाकघरात ओट्यापर्यंत चिखल भरला.

सकाळी दीर आला तो थेट उतारावर चढला. जाळी उघड्या दगडांवर लोंबत होती.

"वहिनी, एक दोरा तुटलेला नाही!" तो वरूनच ओरडला, आणि हा दिव्य पुरुष चक्क मोबाइलवर फोटो काढायला लागला.

तो खाली उतरला तेव्हा आई कपड्यांची पिशवी घेऊन दारात उभी होती. तिने कुलूप लावलं आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"छान टिकली हो जाळी," ती म्हणाली. "आता तुम्हीच राहा तिच्याखाली."

वहिनीने पिशवी उचलली. तिला रडू आवरेना.