सुंदराबाईंनी पास केलेली गाडी

सुंदराबाई ओव्हाळ यांनी दारूगोळा कारखान्याच्या तपासणी विभागात बत्तीस वर्षे काढली. त्या बत्तीस वर्षांत मापाबाहेरचा एकही नग त्यांच्या टेबलावरून पुढे सरकला नाही. निवृत्तीनंतर त्यांनी ती शिस्त घरात आणली, असे म्हणणे बरोबर होणार नाही. घरात ती आधीपासूनच होती. यजमान धोंडिबा हयात होते तेव्हा तेही सकाळी दाढी झाल्यावर हनुवटी पुढे करून उभे राहत, आणि बाई मान हलवत, तेव्हाच ते शर्ट चढवत. खडकी बाजाराच्या मागच्या गल्लीतले ते दोन मजली घर बाईंच्या शब्दावर उभे होते, आणि ते गल्लीत सर्वांना ठाऊक होते.

एकुलता एक मुलगा समाधान याला चित्रकलेच्या कॉलेजात जायचे होते. बाई ‘नको’ म्हणाल्या आणि तो इंजिनिअर झाला. बेंगळुरूची नोकरी आली; बाई ‘नको’ म्हणाल्या आणि तो चिंचवडला लागला. लग्न मात्र त्याने आपल्या पसंतीने केले, कारण चैतालीला बाईंनी आधीच हेरून ठेवले होते. या सगळ्यात एकच गोष्ट अशी होती, जी त्याने विचारून घेतली नाही आणि बाईंनी नाकारली नाही. ती म्हणजे त्याची ॲडव्हेंचर बाईक.

उंच, धिप्पाड गाडी. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या. त्या गाडीवर तो स्पितीला जाऊन आला, कच्छला जाऊन आला, आणि सुट्टी मिळेल तेव्हा मुळशी, भोर, वेल्ह्याच्या कच्च्या रस्त्यांनी भटकत राहिला. साठ-सत्तरच्या वर तो कधी जात नसे. वाटेत दिसेल त्याच्याशी बोलत बसे. घरी येई तेव्हा पेट्यांतून आंबेमोहोर निघे, कुणा म्हातारीने दिलेली करवंदे निघत, एकदा तर स्पितीच्या नदीतला पाटीएवढा सपाट दगड निघाला. त्यावर बाई अजून चटणी वाटत. जेवताना तो प्रवास सांगू लागला की चैताली ताटावर हात वाळवत बसे, आणि बाई ‘पुरे झाले’ असे म्हणत नसत.

वर्षातून एकदा, डिसेंबरात, तो आईला मागे बसवून देहूरोडच्या विहारात नेई. सत्तरी ओलांडलेली बाई पांढरे पातळ नेसून, हेल्मेट घालून त्या उंच गाडीवर बसली की गल्लीतली माणसे दारात येत. बाईंना ते आवडे.

गेल्या डिसेंबरात परतताना ते रसवंतीपाशी थांबले. रस्त्याकडेला उतार होता, खाली बारीक खडी. समाधान पाय टेकवायला गेला, पण पाय खडीवर पोचलाच नाही. आणि उभी गाडी, एक फूटही न चालता, आडवी झाली. बाईंचे डावे मनगट मोडले. समाधानचा घोटा पेटीखाली आला. रसवाल्याने आणि दोघा वाटसरूंनी गाडी उचलली.

दवाखान्यातून प्लॅस्टर घालून बाहेर पडताना बाई एवढेच म्हणाल्या, “ही गाडी जाईल.”

“आई, चूक माझी होती. मी सपाट जागा बघायला हवी होती.”

“माणसाचे पाय जमिनीला लागत नाहीत ते वाहन मापाबाहेरचं. ते जाईल.”

आठवडाभरात गाडी बिबवेवाडीच्या अभय नावाच्या एका तरुणाला विकली गेली. गाडी नेताना अभय बाईंच्या पाया पडला. समाधान खाली उतरला नाही.

दुसरी गाडी घ्यायची ठरली तेव्हा तो म्हणाला, “तूच निवड. म्हणजे पुन्हा बदलायला नको.” त्या बोलण्यातली धार बाईंना कळली नाही असे नाही. त्यांनी ती कानाआड केली आणि शोरूममध्ये जाताना पर्समध्ये स्टीलची मोजपट्टी टाकली.

विक्रेता चटपटीत होता. “काकू, सीट हाइट सगळी ब्रोशरमध्ये आहे.”

“ब्रोशर मी मागितलं का?”

त्याने वाट करून दिली. प्लॅस्टरचा हात छातीशी धरून बाईंनी चैतालीला पट्टीचे टोक जमिनीवर धरायला लावले आणि एकेक गाडी मोजली. लांबुळक्या, पाय पुढे पसरून बसायच्या गाडीला त्यांनी नकार दिला; ती पोट सुटलेल्या माणसांसाठी आहे, असे त्यांचे मत पडले. मग कोपऱ्यातली निळी स्पोर्ट्स बाईक आली. बुटकी, आटोपशीर. सातशे पंच्याऐंशी मिलिमीटर. जुनी आठशे पंचावन्न होती.

“बस,” बाई म्हणाल्या. समाधान बसला. दोन्ही टाचा फरशीवर पूर्ण टेकल्या.

“हीच.”

“आई, याचं हँडल बघा किती खाली आहे,” चैताली हळूच म्हणाली. “आणि मागची सीट? पोळपाटाएवढी आहे.”

“मला मागे बसायचं नाही आता. पाय टेकले की झालं.”

विक्रेत्याने काही सांगण्यासाठी तोंड उघडले होते, पण तो समाधानच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. बत्तीस वर्षांत बाईंनी जे माप तपासायचे तेच तपासले होते; तो नग पुढे कशासाठी वापरला जाणार, हे विचारणे त्यांच्या विभागाचे काम कधीच नव्हते.

फेब्रुवारीपासून समाधान दर रविवारी पहाटे साडेपाचला निघू लागला आणि नऊच्या आत परत येऊ लागला. बाईंना प्रथम बरे वाटले. चार-चार दिवस बाहेर राहणारा मुलगा आता नाश्त्याला घरी होता. पण त्या गाडीला पेट्या नव्हत्या, आणि तो रिकाम्या हातांनी येई. जेवताना खाली मान घालून जेवे.

“कुठे गेला होतास?”

“खंबाटकी.”

“काय पाहिलंस?”

“रस्ता.”

“रस्ता तर इथेही आहे.”

“इथे सिग्नल आहेत,” तो म्हणाला आणि ताट घेऊन उठला.

वाकून बसल्याने त्याची मनगटे दुखत, पाठ धरे. रात्री चैताली त्याला शेक देई. एकदा पाठीला तेल लावायला बाई स्वतः गेल्या, तेव्हा त्याने शर्ट खाली ओढला आणि “राहू दे” म्हणाला. इतक्या वर्षांत बाईंना ‘राहू दे’ कोणी म्हटले नव्हते.

एप्रिलमध्ये एका दुपारी चैताली त्यांच्यासमोर येऊन बसली. ती शाळेत गणित शिकवते, रडत नाही. तिने मोबाइल पुढे केला. “आई, यांच्या बाईकच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलंय. हेल्मेटवरचा कॅमेरा आहे. हे हात यांचे आहेत.”

पडद्यावर रस्ता अंगावर धावून येत होता. ट्रक उभे असल्यासारखे मागे पडत होते. खालच्या चौकोनात आकडा होता. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. एकशे बहात्तर.

“हे थट्टेने लावलेलं नाही ना?”

“नाही.”

“तू त्याला बोललीस?”

“महिन्यापासून बोलतेय. म्हणतात, आईने पास केलेली गाडी आहे.”

संध्याकाळी समाधान आला तेव्हा बाई दिवाणखान्यात खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. “गाडी जाईल,” त्या म्हणाल्या. आवाज तोच होता, ज्या आवाजाने आर्ट कॉलेज गेले, बेंगळुरू गेले.

“नाही आई,” समाधान म्हणाला. बूट काढून त्याने ते नीट जोडीने ठेवले. “ही नाही जाणार.”

“मी सांगते आहे.”

“ऐकलं मी. चहा झालाय का गं?” हे त्याने आत चैतालीला विचारले.

तो भांडला असता तर बाईंना काही करता आले असते. भांडणाऱ्या माणसाला वळवायचे कसे, हे त्या जाणून होत्या. हा मुलगा भांडतच नव्हता.

दोन दिवस बाईंनी विचार केला. तिसऱ्या दिवशी, कोणालाही न सांगता, रिक्षा करून त्या बिबवेवाडीला अभयच्या घरी गेल्या. स्वतःचा निर्णय फिरवायला घराबाहेर पडण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती, आणि सबंध वाटभर त्यांनी रिक्षावाल्याशी एक शब्द काढला नाही. जुनी गाडी अंगणात धुवून पुसून उभी होती. पेट्याही होत्या.

“ही गाडी मला परत हवी,” बाईंनी सांगितले. “चूक माझी झाली.”

अभयने त्यांना खुर्ची दिली, पाणी आणून दिले. तो नुकताच कुठल्याशा सहलीचा बेत आखत होता; नकाशा टेबलावर पसरलेला होता. तरी तो म्हणाला, “मावशी, तुम्ही आलात म्हणजे माझा प्रश्नच नाही. घेऊन जा. पण दादांना विचारलंत का?”

“त्याला काय विचारायचं. त्याचा जीव आहे या गाडीवर.”

अभय नकाशाची घडी घालू लागला. “मागच्या महिन्यात दादा आले होते. मीच म्हटलं, एक चक्कर मारून या. बिबवेवाडीच्या टेकडीपर्यंत गेले आणि दहा मिनिटांत परत. किल्ली दिली, म्हणाले, ‘हळू चालते रे ही.’ मला वाटलं गाडीत काही बिघाड आहे. मी तपासून घेतली. काही नव्हतं.”

बाई खुर्चीच्या हाताला धरून उठल्या. मग त्यांनी त्या गाडीच्या मागच्या सीटवर एकदा तळहात ठेवला आणि रिक्षा बोलवायला सांगितली.

त्या रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी समाधानला थांबवले. हुकूम करायचा नाही, असे ठरवून त्या बसल्या होत्या, आणि हुकमाविना बोलायचे कसे हे आठवेना.

“समाधान, ती गाडी अभय द्यायला तयार आहे. घे. पाहिजे तिकडे जा. महिनाभर जा. मी अडवणार नाही.”

तो बराच वेळ बोटाने मेणकापडावरची रेघ गिरवत राहिला.

“आई, तेव्हा मला पुढचं गाव बघायचं असायचं. आता नाही बघायचं. या गाडीवर एकशे साठच्या पुढे गेलं की डोक्यात काही राहत नाही. घर नाही, ऑफिस नाही. तू नाहीस.” तो मुळीच रागावलेला नव्हता. “वीस मिनिटं मिळतात तशी. तेवढीच आहेत माझ्याकडे.”

“आणि पडलास तर?”

“तर पडेन.”

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

रविवारी पहाटे समाधान खाली उतरला तेव्हा सुंदराबाई फाटकाला पाठ लावून उभ्या होत्या. पातळ नीट नेसलेले, केस विंचरलेले. त्याने गाडी फाटकापर्यंत ढकलत आणली, त्यांच्यापासून दोन हातांवर थांबला, आणि वाट पाहू लागला. लहानपणी शाळेला जाताना नखे दाखवून थांबे, तसा. पाच मिनिटे गेली. समोरच्या घरातल्या वेणूबाई दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आल्या, बघून आत गेल्या.

“मी इथून हलणार नाही,” बाई म्हणाल्या.

समाधानने हेल्मेटची काच वर केली. “नको हलूस. आज नाही जात. पण उद्यापासून गाडी बाणेरला मित्राच्या पार्किंगमध्ये राहील. तिथूनच जाईन. मग कधी गेलो, कधी आलो, हे तुम्हाला दोघींना कळणार नाही. विचारलंत तरी सांगणार नाही. तू ठरव.”

हे तो धमकी म्हणून सांगत नव्हता, हे बाईंना दिसत होते. त्याने सारे जसे होते तसे समोर मांडले होते, आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. त्यांनी त्याच्या डोळ्यांत पाहिले. तिथे चीड असती, तर त्या आणखी तासभर उभ्या राहिल्या असत्या.

मोडून जुळलेल्या मनगटाने फाटकाची कडी सरकेना, म्हणून त्यांनी उजवा हात लावला. फाटक उघडून त्या बाजूला झाल्या.

गाडी गल्लीतून अगदी सावकाश गेली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तिचा आवाज चढत गेला, आणि मग तो ऐकू येण्याच्या पलीकडे गेला. बाईंनी व्हरांड्यातली खुर्ची ओढून फाटकाकडे तोंड करून घेतली. घड्याळात पाच चाळीस झाले होते.

चैताली दारात आली. “मला वाटलं, तुम्ही थांबवाल.”

“मलाही वाटलं होतं,” सुंदराबाई म्हणाल्या.

“चहा ठेवू?”

“तो आल्यावर.”

चैताली आणखी थोडा वेळ उभी राहिली, मग आतून दुसरी खुर्ची घेऊन आली आणि त्यांच्या शेजारी बसली.