गोदीसमोरचा काळा तवा

मित्रांनो, मी एक जुना तवा आहे. खरोखरच जुना. माझ्या अंगावर आज जो काळा रंग दिसतो, तो मात्र डब्यातला आहे. त्याला भुलू नका. भुलणारे मला पुष्कळ भेटले.

माझा जन्म गोदीत झाला. मोडीत निघालेल्या जहाजाचा जाड पत्रा वेल्डरमामांनी कापला, कडा घासल्या, दोन मुठी जोडल्या आणि मला आपल्या विधवा बहिणीच्या हवाली केलं. "घे ताई, आता फाटकासमोर टाक खाणावळ. हा आपल्या दोघांच्या मागेही टिकेल," ते म्हणाले. या ताईला सगळी गोदी मावशी म्हणे. तिनं मला महिनाभर नुसतं तेल पाजलं आणि तापवलं. साबण कधी दाखवला नाही. अर्धा कांदा घ्यायची आणि त्यानंच पुसायची. हळूहळू माझ्यावर काळाभोर, गुळगुळीत थर चढला. अंडं फोडलं की आपणहून घसरत ताटलीत जाई. "मावशी, तुमच्या तव्याला हात जोडले," क्रेनवाला रोज म्हणे. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

पण खाणावळ चालली अवघी चार वर्षं.

तिसऱ्या वर्षी गोदी बंद पडली. कोठारं पाडून काचेच्या इमारती उठल्या आणि त्यांत नाकानं कांदे सोलणारी मंडळी राहायला आली. अहो, सोलायचाच तर हातानं सोला, माझ्यापर्यंत पोचेल तरी! समुद्र बघून ही माणसं "व्वा" म्हणत आणि तळलेल्या मासळीचा वास आला की रुमाल काढत.

मग गोदीची जागा घेतलेल्या नव्या कंपनीनं कळवलं, की जुन्यांपैकी एकच खाणावळ राहील. सोमवारी साहेब येतील, जेवतील आणि ठरवतील. मावशीचा जीव टांगणीला लागला, पण धीर सुटला नव्हता. "मला बोलता येत नाही. माझं अंडं बोलेल," ती म्हणाली. नेमकं त्याच आठवड्यात मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. दोन दिवसांसाठी दुकान जावयाकडे सोपवून ती भावापाशी गेली.

आता हे जावईबापू. आधी विमा विकत, मग जमिनी, मग नुसतेच सल्ले. उंटावरचे शहाणे! मला बघताच म्हणाले, "केवढी घाण साचवलीय! हे बघून साहेब घास तरी घेतील का?" त्यांनी अ‍ॅसिड आणलं, तारेचा ब्रश आणला आणि दोन दिवस मला खरवडलं. आयुष्यात त्यांनी मनापासून केलेलं हे एकमेव काम. मी आरशासारखा लखलखलो. त्यांनी माझ्यात बघून भांगसुद्धा पाडला.

सोमवारी सकाळी मावशी आली आणि तिनं माझ्यावर बोट फिरवलं.

"आई, ओळखू येतो का?" जावईबापूंनी छाती फुगवून विचारलं.

"नाही," मावशी म्हणाली. "चार वर्षांचं काळेपण मी तासाभरात कुठून आणू, जावईबापू?"

तिनं तेल ओतलं, तापवलं, कांदा फिरवला. साहेब आले. पहिलं अंडं चिकटलं. दुसरं चिकटलं. तिसरं तिनं उलथन्यानं खरवडून काढलं, त्याच्या चिंध्या झाल्या. "तवा मात्र छान चकचकीत आहे हं," एक साहेब म्हणाले आणि न खाताच ओठ पुसून उठले. "तवाच वाईट, साहेब," जावईबापू मागून धावत म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडं! महिन्याभरात खाणावळीला कुलूप लागलं.

जावयानं मला भंगारात दिलं. भंगारातून मी त्याच कोपऱ्यावरच्या नव्या हॉटेलात आलो. तिथं मी पुरेसा जुना दिसेना, म्हणून त्यांनी मला काळा रंग फासला आणि भिंतीवर टांगलं. खाली लोक विजेच्या यंत्रातली रबरासारखी अंडी चघळतात आणि माझ्यासोबत फोटो काढतात. गाढवाला गुळाची चव काय!

मागच्या महिन्यात मावशी आली. मामांचा हात धरून आली, कारण त्यांची नजर काही परतली नाही. तिनं माझ्यावर बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला.

"आजी, हात लावू नका. फार जुनी वस्तू आहे," वाढपी म्हणाला.

"ताई, काळा आहे का गं अजून?" मामांनी विचारलं. मला खरवडल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मावशीनं बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, "हो रे. काळाभोर आहे."

मित्रांनो, मला असं भिंतीवर जपू नका. या खिळ्यावरून उतरवा, हा डब्यातला रंग जाळून टाका, तेल घाला, अर्धा कांदा द्या आणि मावशीला बोलवा. महिनाभर पुरे. मग तिला भावाशी खोटं बोलावं लागणार नाही.