किनाऱ्याची भाषा

तोंडातल्या टाचण्या काढून मुलीच्या आईने विहिणीच्या स्वागताचं ते परक्या भाषेतलं वाक्य पुन्हा म्हटलं. होणाऱ्या जावयाच्या कोटाची बाही तिच्या हातात होती आणि नजर त्याच्या चेहऱ्यावर. उच्चार जमलाय का, एवढंच तिला हवं होतं.

"छान जमलंय," तो म्हणाला. चेहरा मात्र पडला होता.

चूक तशी तिच्या एकटीची नव्हती. त्याच्या देशाला इथे सगळे किनाऱ्याकडच्या एका प्रांताच्या नावानेच ओळखत. जहाजं तिथून यायची. लोकांच्या लेखी देश तेवढाच. तो होता डोंगराकडचा, भाषाही निराळी. लोकांना सांगून सांगून दमला आणि शेवटी त्याने नाद सोडला होता. पण शिवणकाम करणाऱ्या या बाईने ते नाव फारच मनावर घेतलं. आधी परक्या मुलखातला मुलगा म्हणून तिने लग्नाला साफ नकार दिला होता, लेकीशी अबोला धरला होता. मग राग निवळला, आणि हिवाळाभर मशीनशेजारी मोबाइल ठेवून, धडे ऐकत, ती विहिणीच्या स्वागताचं बोलणं शिकली. किनाऱ्याच्या भाषेतलं.

विहीणबाई आता टॅक्सीने येतच होत्या. त्याने मुलीला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. डोंगरची भाषा बोलल्याबद्दल त्याच्या आईला शाळेत मारायचे. शाळा सुटली तशी तिने किनाऱ्याची भाषा पुन्हा जिभेवर घेतली नव्हती. दुकानदार तिकडचा निघाला तर ती बोटाने वस्तू दाखवायची, नाहीतर सरळ रिकाम्या हाताने परतायची.

"आईला आत्ता सांगू?" मुलीने विचारलं.

"सांगितलंस तर त्या तोंडच उघडणार नाहीत."

"आणि नाही सांगितलं तर तुझी आई उठून जाईल."

दोघंही तिथेच घुटमळत राहिली. भित्रेपणाच तो, दुसरं काय! तेवढ्यात घंटा वाजली, आणि दार उघडायला कोण धावलं हे सांगायला नकोच.

विहीणबाई ठेंगण्या होत्या, पाठीने ताठ. मुलीच्या आईने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. हे घर तुमचंच, माझी लेकही आता तुमची, असं ती त्या भाषेत म्हणाली. मध्येच एका शब्दाला अडखळली, तर पहिल्यापासून पुन्हा म्हणाली.

विहीणबाईंनी मुलाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

धड्यात या वाक्याला ठरलेलं उत्तर होतं. ते येईना. बाई दमल्या असतील, विसरल्या असतील, असं वाटून मुलीची आई ते उत्तरच त्यांना हळू आवाजात सांगू लागली.

तिला अर्ध्यावर थांबवून विहीणबाईंनी ते पुरं केलं. स्वच्छ, न अडखळता. मग तिचा अडलेला शब्द त्यांनी सावकाश म्हणून दाखवला, आणि तिला नीट येईपर्यंत हात सोडले नाहीत. मुलगा बघतच राहिला. आईच्या तोंडून ती भाषा तो पहिल्यांदाच ऐकत होता.

"बघ," मुलीची आई लेकीकडे वळून म्हणाली, "कळलं त्यांना."