साल्वियाचा काढा

हेलियोदोरोनं कोंबडी उकळत्या पाण्यातून वर काढली, पायांना धरून क्षणभर निथळू दिली आणि चुलीसमोरच्या बाकावर बसून पिसं उपटायला घेतली. ही सतरावी. बाळंतिणीचा खरं तर बाविसावा दिवस होता, पण मधले पाच दिवस इस्पितळात गेले, आणि इस्पितळात कोण कोंबडी घालतंय! चाळीस दिवसांना चाळीस कोंबड्या, असाच या डोंगरातला रिवाज. पोरीला दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात त्यानं पिल्लं आणून वाढवायला सुरुवात केली होती. सगळ्या माद्याच. बाळंतिणीला कोंबडा चालत नाही.

पलीकडच्या खोलीत बाळ रडायला लागलं. हेलियोदोरोचे हात थांबले. आधी रडणं जोरात होतं, मग दबलं. तोंडात घेतलं असणार. दोन मिनिटं शांततेत गेली आणि पुन्हा तेच रडणं, या वेळी चिडलेलं.

"काही नाही बाबा," खोलीतून योलिमाचा आवाज आला. "ओढतंय बिचारं. पण येतच नाही."

"येईल, येईल. सूप होतंय."

"कालही सूप झालं होतं."

त्यानं पिसं टोपलीत टाकली आणि चुलीत लाकूड सरकवलं.

योलिमा अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदा बाळंत झाली होती. नवरा कोळशाच्या खाणीत, पंधरवड्यातून एकदा यायचा; म्हणून बाळंतपणाला ती बापाकडे आली. आई असती तर प्रश्नच नव्हता. पण बेत्साबेला जाऊन चार वर्षं झाली होती. बाळंतपण नीट पार पडलं, आणि नवव्या दिवशी पोरीच्या पोटात असं काही दुखायला लागलं की ती भिंत धरून खाली बसली. अपेंडिक्स फुटलेलं. शहरातल्या इस्पितळात पोट कापलं, पाच दिवस ठेवून घेतलं. तोवर बाळ शेजारच्या त्रान्सितोबाईंकडे, बाटलीवर. योलिमा परत आली तेव्हा पोटाला आडवी चिकटपट्टी होती आणि दूध निम्म्यावर आलेलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, औषधं दुधाला चालणारी आहेत, पोराला पाजत राहा, जितकं ओढेल तितकं वाढेल. पहिले दोन दिवस वाढलंही. मग उलटं फिरलं. का, ते कुणालाच कळेना.

योलिमाला ही गोष्ट जिवाला लागली होती. इतक्या वर्षांनी झालेलं पोर, आणि त्याला स्वतःच्या अंगावरचं चार थेंब दूध देता येऊ नये! ती मोठ्यानं रडायची नाही, टाके ओढायचे. पण उशी ओली असायची.

हेलियोदोरोकडून कसली कसर राहिली नव्हती. खिडकीच्या फटी त्यानं चिंध्यांनी बुजवल्या होत्या. पोरीला गार पाण्याला हात लावू देत नव्हता. कानात कापूस, डोक्याला रुमाल, सकाळी गुळाच्या पाण्यातला चॉकलेटचा पेला, दुपारी कोंबडीचं सूप. सगळं बेत्साबेच्या वेळी होतं तसं. फक्त एक गोष्ट होती, की बेत्साबेच्या वेळचं त्यानं काही पाहिलेलंच नव्हतं.

कसं पाहणार? चाळीस दिवस पुरुषाला त्या खोलीचा उंबरा ओलांडायची बंदी. तो बटाट्यांच्या कोठीत झोपायचा. दाराला बोटभर फट पडायची आणि त्यातून सासूबाईंचा, एर्मेलिंदाबाईंचा, हात बाहेर यायचा. लाकडं आण. कोंबडी आण. लोकर आण. हात आत, दार बंद. सगळं बाळंतपण हेलियोदोरो त्या एका हाताकडून शिकला होता. आज त्याला त्या हाताचीही आठवण यायची. मधल्या बोटात पितळी अंगठी होती, सैल झालेली, दोरा गुंडाळून घट्ट केलेली.

त्यानं कोंबडी तुकडे करून पातेल्यात सोडली, बटाटे सोलले, कोथिंबीर धुऊन ठेवली. मग फळीवरून पानांची जुडी घेतली. राखाडी, मऊ, किंचित केसाळ पानं. साल्विया. सात-आठ पानं पेल्यात टाकून त्यानं वरून उकळतं पाणी ओतलं.

ही त्याच्या मते त्याची खरी कमाई होती. बेचाळीस वर्षांपूर्वी, त्यांच्या पहिल्या बाळंतपणात, दाराच्या फटीतून हात आला होता आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, "साल्विया आण. पोरीला आराम पडेल." मुलगा गेला त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. अकरा दिवसांचं पोर, ताप आला आणि गेलं. पण बाळ गेलं तरी बाळंतीण ती बाळंतीणच, तिचे चाळीस दिवस कुणाला चुकत नाहीत. कोंबड्या कापल्या जात होत्या, सूप आत जात होतं. साल्विया मात्र साऱ्या गावात कुणाच्या परसात नव्हती. हेलियोदोरो डोंगर उतरून खालच्या खोऱ्यात गेला, तीन गावं पालथी घातली, एका म्हातारीच्या कुंपणात ती सापडली, आणि दुसऱ्या दिवशी तो चढ चढून परत आला. चपलेचा पट्टा वाटेतच तुटला होता. टाचा फुटून रक्त आलं होतं, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही. सव्वीस वर्षांचा बाप, पोराला पुरून आलेला. काहीतरी करता आलं, याचंच त्याला बरं वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी आतून पेला रिकामा बाहेर आला. त्यानं दाराला तोंड लावून विचारलं होतं, "बेत्सा, आराम पडला का?"

आतून जरा वेळानं उत्तर आलं होतं, "पडला."

तो एक शब्द त्यानं आयुष्यभर जपून ठेवला होता. उरलेली काडी त्यानं परसात लावली, तिचं चांगलं झुडूप झालं. पुढं योलिमाच्या वेळी दिवस भरत आले तेव्हा बेत्साबेनं ते एका सकाळी मुळासकट उपटून ओढ्यात टाकलं. इतक्या लांबून आणलेलं झाड! तो आठवडाभर फुगून बसला होता. बाईच्या जातीला कदर नाही म्हणाला होता. बेत्साबे काही बोलली नव्हती.

आता पोरीचं पोट कापलेलं, तर त्याला साल्वियाच आठवावी हे साहजिक होतं. सोमवारच्या बाजारात त्यानं जुडी घेतली. गेले पाच दिवस, रोज तीन पेले.

सूप झालं. त्यानं वाटी आणि पेला ठेवलेली ताटली दारापाशी नेली, बाहेरच्या स्टुलावर ठेवली, दार वाजवलं आणि तोंड फिरवून उभा राहिला. दार किलकिलं झालं. योलिमा एका हातानं पोट धरून वाकत होती.

"बाबा, इतक्या कोंबड्या खाऊन एक दिवस मीच खुडूक होऊन बसेन."

"बस की. अंडी मी विकेन."

ती हसली आणि लगेच कळवळली. "हसवू नका हो, टाके!"

तेवढ्यात परसातून काठीचा आवाज आला. त्रान्सितोबाई. ऐंशी पार केलेली बाई, पाठीत वाकलेली, पण गावातल्या निम्म्या पोरांना पहिला श्वास हिच्या हातावर मिळालेला. "अरे हेलियो, पोर का किंचाळतंय? माझ्या घरापर्यंत ऐकू येतंय. आजोबा झालास, पण शिंगं काही गेली नाहीत तुझी, तूच चिमटे काढत असशील," असं बडबडत ती आत आली आणि मधेच थांबली. तिनं नाक वर केलं. मग स्टुलावरचा पेला उचलला, नाकाशी नेला.

"हे कुणी दिलं हिला?"

"मी," हेलियोदोरो म्हणाला. "साल्विया आहे."

"ते कळलं मला, नाक शाबूत आहे माझं. किती दिवस?"

"पाच. दिवसाला तीन पेले."

त्रान्सितोबाईंनी पेला तसाच उचलून अंगणात ओतला. मग दार ओढून घेतलं, हेलियोदोरोला दंडाला धरून चुलीपाशी आणलं आणि हळू आवाजात म्हणाली, "येड्या, हे दूध घालवायचं औषध आहे. पोर दुधावरून तोडायचं असेल तेव्हा देतात. नाहीतर पोर गेलं की देतात. अंगावर भरलेलं राहतं, बाईला ताप भरतो, म्हणून. अंगावर पाजणारी बाई असलेल्या घराच्या कुंपणाला सुद्धा कुणी हे लावत नाही."

हेलियोदोरो बाकावर बसला. खाली पिसांची टोपली होती, ती पायानं कलंडली. त्यानं ती सरळ केली नाही.

"बेत्साबेला दिलं होतं," तो म्हणाला. "आराम पडायला. मी आणलं होतं."

"माहीत आहे. मी होते ना आत."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुला काय सांगायचं? पुरुषमाणूस. बायकांचं काम ते."

मग त्यानं विचारलं, "तिला ठाऊक होतं का? कशासाठी आहे ते?"

"बेत्साबेला? म्हणजे काय!" त्रान्सितोबाईंनी पदरासारखी शाल तोंडाशी ओढली. "पेला दोनदा परत सारला तिनं. म्हणाली, राहू दे, आहे तोवर राहू दे, त्याचं एवढंच उरलंय माझ्यापाशी. आम्ही समजावून थकलो. शेवटी तुझी सासू म्हणाली, अगं, नवरा दोन दिवस अनवाणी चालून आलाय, टाचांतून रक्त येतंय त्याच्या. तेव्हा घेतला. एका दमात प्यायली."

हेलियोदोरोनं हॅट काढून गुडघ्यावर ठेवली. बेचाळीस वर्षं जपलेला तो शब्द त्याच्या डोक्यात फिरत होता, बेत्साबेच्या आवाजात, दारामागून आलेला. तिला किती जड गेला असेल तो. आणि तो झुडपासाठी फुगून बसला होता. त्याला इतकी लाज वाटली की त्रान्सितोबाईंकडे बघवेना.

"आता काय रे बसलास कुढत?" ती म्हणाली, पण आवाज मऊ होता. "तिचं झालं ते झालं. हिचं अजून आहे. पोर ओढतंय ना? मग गेलं नाही. बडीशेप टाक पाण्यात, ही पानं चुलीत घाल, आणि दर दोन तासांनी पोराला लावायला सांग. येतंय की नाही बघत बसू नको म्हणावं. आणि पोरीला तू स्वतः सांग. मी नाही सांगणार."

त्यानं जुडी चुलीत घातली. ती धुमसली, घरभर वास सुटला. मग तो दारापाशी गेला.

"योलिमा."

"ऐकलं मी बाबा," आतून आवाज आला. "दार जुनं आहे, सगळं ऐकू येतं."

"माझ्या हातून..."

आत बाळ कुरकुरलं. "उद्यापासून सूपच आणा," योलिमा म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. रागावली होती, आणि तिचा राग बरोबरच होता. तो दाराला हात लावून तसाच उभा राहिला, मग परत चुलीपाशी आला.

पुढचे दिवस कठीण गेले. बडीशेपेचं पाणी, सूप, पोर अंगाला, पुन्हा पाणी, पुन्हा पोर. हेलियोदोरो काही विचारायचा नाही. तो ऐकायचा. रडण्याची लांबी त्याला कळायला लागली. अठरावी कोंबडी, एकोणिसावी, विसावी. विसाव्या कोंबडीच्या दिवशी पाजल्यानंतरचं रडणं थोडक्यात आटपलं. बाविसाव्या कोंबडीच्या दुपारी ते ऐकूच आलं नाही.

त्यानं ताटली नेहमीसारखी स्टुलावर ठेवली, दार वाजवलं आणि तोंड फिरवून उभा राहिला. दार उघडलं नाही.

"बाबा, आत या."

"मी? अजून चाळीस दिवस पुरे व्हायचेत."

"माझे दोन्ही हात अडकलेत. सूप गार होईल."

"त्रान्सितोबाईंना हाक मारतो."

"बाबा," योलिमा म्हणाली, "तुम्ही दाराबाहेर उभे राहायचात, त्यातूनच हा सगळा घोळ झाला. या आत."

त्यानं हॅट काढली. पायातले बूट काढले. ताटली उचलली, उंबऱ्यावर क्षणभर थांबला आणि आत गेला. खोली लहान होती, त्याला वाटायचं त्यापेक्षा कितीतरी लहान. दुधाचा, लोकरीचा आणि औषधाचा वास येत होता. योलिमा उशांना टेकून बसली होती, पोटावर उशी, उशीवर बाळ, त्यावर शाल. शालीखालून आवाज येत होता: घुटुक, थांबून घुटुक, पुन्हा घुटुक.

त्यानं स्टूल ओढलं, ताटली मांडीवर घेतली. चमच्यात सूप घेतलं. 'आराम पडला का' हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. ते त्यानं गिळले.

"दुखतंय का गं?"

योलिमानं त्याच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"खूप दुखतंय बाबा," ती म्हणाली. "पण सोडत नाही बघा लबाड."

हेलियोदोरोनं मान हलवली, चमचा फुंकला आणि तिच्या तोंडापुढे धरला.